मुरूमची भट्टी

माझ्या हातची नानखटाई एक परका माणूस उभ्या उभ्या खात होता... आणि तीही डोळे मिटून.

ढोकीच्या बेकरीत पाव निघाले की भट्टीची आच उतरायला लागते. त्या वेळी गावातल्या बायका घरून पीठ मळून आणतात, बेकरीतल्या पत्र्यांवर गोळे मांडतात आणि भाजायला देतात. पत्रे सगळे सारखेच काळे. चिठ्ठी लावावी तर ती जळून जाते. म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. कुणी कोपऱ्यातल्या गोळ्यावर बदाम लावतं, कुणी नुसतं बोट दाबतं. आमची खूण चारोळी, आणि अख्ख्या ढोकीत ती दुसऱ्या कुणाची नाही.

"अहो, ती माझी आहे," मी म्हणाले.

त्यानं डोळे उघडले. डोळे चांगले होते. उगाच खोटं कशाला बोलू?

"न्हाय हो. कोपऱ्यात चारोळी बघूनच पत्रा घेतला. म्या लावलेली."

"चारोळी आमची खूण आहे."

"असं व्हय? मग आता दोघांची झाली," तो म्हणाला आणि दुसरी उचलली. "ही ज्वारीची हाय ना? आन् गूळ. साखर न्हाय."

माझा राग थोडा विरघळला. ज्वारी ओळखणारा माणूस मला तोवर भेटलाच नव्हता. लोक खातात, छान म्हणतात आणि मैदा कुठला वापरता म्हणून विचारतात. मी त्याच्या पत्र्यावरची एक उचलून खाल्ली. पांढरीशुभ्र, खुसखुशीत, मैद्याची.

"बरी आहे," मी म्हणाले. "दुकानात मिळते तशी."

"पाहुण्याला इतकं लागंल असं बोलायचं?"

"पाहुण्यानं इतकं खायचं?"

तो हसला. असं भांडताना कुणी हसलं की माझं भांडण तिथंच संपतं. त्याचं नाव रुद्रेश. जिल्ह्यातल्या बेकऱ्यांची चव बघत फिरतोय म्हणाला. जाईल तिथं स्वतःचं पीठ एका पत्र्यावर भाजायला देतो, म्हणजे भट्टीची आच कळते. एक निर्णय घ्यायचा आहे. कसला, ते मात्र चांगली खारी मिळाली की सांगेन म्हणाला. मला वाटलं, मैद्याच्या गिरणीचा माणूस असेल.

मलाही भट्टीच शोधायची होती. ढोकीची ही भट्टी महिन्याअखेर बंद होऊन तिथं विजेचं यंत्र बसणार होतं, आणि माझी नानखटाई त्या कोरड्या गरम वाऱ्यात तडकते. तिला लाकडाची, हळूहळू उतरणारी आच लागते. शाळेतली नोकरी सोडून मी हा उद्योग मांडलेला. संक्रांतीपर्यंत भट्टी मिळाली नाही तर पुण्याला भावाकडं जाऊन नोकरी धरायची, असं घरात ठरलं होतं. पुणं वाईट नाही. पण माझी ज्वारी, माझा गूळ, माझी माणसं इथं... मला जायचं नव्हतं.

"माझी व्हॅन हाय," रुद्रेश म्हणाला. "रविवारी येडशीकडनं जाणार हाय. तुमी येताव का?"

"एकटी नाही येणार."

"एकट्या या म्हणलंच कुठं?"

म्हणून इरम्माआत्या आली. आत्याचं सासर सीमेपलीकडं, आळंदला. मराठीत बोलते, कानडीत रागावते, आणि खारीसाठी कुठंही यायला तयार असते. मागच्या सीटवर शाल पांघरून बसली आणि म्हणाली, "शिवू, तू पुढं बस. मला पुढं मळमळतं." आत्याला आयुष्यात कधी मळमळलेलं नाही. व्हॅनला आतून व्हॅनिलाचा वास येत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिल्या रविवारी येडशीची खारी, मग येरमाळ्याचे क्रीमरोल. थंडी होती, काचेवर धुकं साचायचं आणि रुद्रेश ते बाहीनं पुसायचा. प्रत्येक ठिकाणी तो खारी मोडून मोठा तुकडा माझ्याकडं द्यायचा आणि मी चावेपर्यंत स्वतः खायचा नाही. आधी माझा चेहरा बघायचा.

"काय बघता?"

"खारी कशी हाय ते."

"ती तुमच्या हातात आहे."

"पण कळतं तुमच्या तोंडावर. आवडली की तुमची डावी भुवई वर जाते."

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. मागून आत्याच्या खाण्याचा आवाज थांबला होता, म्हणजे ती कान देऊन ऐकत होती.

प्रत्येक बेकरीत मी माझा डबा उघडायचे आणि दुपारच्या उतरत्या आचेवर दोन पत्रे मागायचे. उत्तर सगळीकडं तेच. ज्वारीला चिकटपणा नाही, पत्र्यावर भुगा होतो, पावाच्या गिऱ्हाइकाला चालायचं नाही. रुद्रेश शेजारी उभा राहून गप्प ऐकायचा. बाहेर आल्यावर म्हणायचा, "चला, पुढचं गाव हाय की."

परतताना ढोकीजवळ उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं अडकलो. पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रॅक्टर, हवेत मळीचा वास. मी डबा उघडला तर निम्म्या नानखटाया मोडलेल्या. तिथंच मला रडू यायला लागलं, आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी डब्यात बघत राहिले.

"भाकरी का मोडत न्हाय?" त्यानं हळूच विचारलं.

"कारण पीठ आधणाच्या पाण्यात मळतो..." मी म्हणाले, आणि तिथंच थांबले. थोड्या पिठाची उकड काढून ती बाकीच्या पिठात मळली तर? मी त्याच्याकडं बघितलं. तो हसत होता.

"मला सांगू नका," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी दाखवा."

पुढच्या रविवारी परांड्याचा रस्ता होता. खड्डा आला की तो मुद्दाम व्हॅन त्यातून न्यायचा, आत्या कानडीत काहीतरी पुटपुटायची, आणि मी डबा कानाशी धरून हलवायचे. सोनारीला पोचलो तेव्हा एकही मोडली नव्हती. देवदर्शन झालं आणि आम्ही देवळाजवळच्या बब्रुवानमामांच्या बेकरीत शिरलो. मामांच्या कपाळावर भंडारा, बोलणं फटकळ.

"रविवारी माझ्याकडं उभं राहायला जागा नसती, पोरी. ज्वारीची भाकरी बरी. तिचं बिस्किट कशाला करायचं?"

तरी मी झाकणावर फोन नंबर लिहून डबा तिथं ठेवून आले. येताना रुद्रेशनं मला दिलपसंदचा तुकडा दिला. खोबऱ्याचं सारण माझ्या हनुवटीला लागलं. त्यानं हात पुढं केला, अर्ध्यात थांबवला आणि रुमाल दिला. त्या अर्ध्यात थांबलेल्या हातानं मला दोन रात्री झोप लागू दिली नाही.

तिसऱ्या रविवारी तुळजापूर, नळदुर्ग करत मुरूमला आलो. गावात शिरल्यावर रुद्रेशनं एका बंद शटरसमोर व्हॅन उभी केली. बाहेर बाजेवर धोतर नेसलेले म्हातारे गृहस्थ बसले होते.

"बर्री, बर्री, कूडरी," ते बाजेवर सरकून आत्याला बसायला जागा देत म्हणाले, मग माझ्याकडं वळले. "ह्याच व्हय ज्वारीवाल्या? रुद्रेश तुमच्याबद्दलच बोलत असतो बघा."

ते त्याचे वडील, धोंडप्पा. आत्यानं कानडी सुरू केली आणि दोघांची तारच जुळली. रुद्रेशनं शटर वर केलं.

आत भट्टी होती. विटांची, मोठ्या घुमटाची, थंड, पण झाडून लख्ख ठेवलेली. शेजारी वाळकी लाकडं रचलेली. मी तोंडाशी वाकून आत हात घातला. इतकी चांगली भट्टी मी अख्ख्या जिल्ह्यात बघितली नव्हती.

"आमची हाय," तो म्हणाला. "बाबांचे गुडघे गेले तवापासून बंद हाय. पाडून गाळे काढू म्हणून एक जण मागं लागलाय. पाडावी का चालवावी, त्याचसाठी फिरत होतो."

"आणि मी लोकांच्या दारात पत्रे मागत होते. तुम्ही शेजारी उभं राहून ऐकत होता."

"पयल्याच दिवशी सांगणार होतो. पण... सांगितलं असतं तर तुमी भट्टी बघितली असती. मला वाटायचं, आधी मला बघावं."

तो एक पाऊल जवळ आला. नेहमी हसणारा माणूस, तेव्हा मात्र ओठ कोरडे पडलेले.

"आता सांगतो. भट्टी तुमची. आन् मी बी... तुमचाच हाय. दोन्ही घ्या."

हेच शब्द मला हवे होते, आणि ते असे यायला नको होते. मी हो म्हटलं असतं तर माझी दोन्ही कामं एका दमात झाली असती. पण पुढं कधीतरी, एखाद्या साध्या भांडणात, हा म्हणाला असता की तू भट्टीसाठी आलीस. तो नसता म्हणाला तरी मला आतून वाटलं असतं. मला तेव्हा खरंच सांगता येत नव्हतं, ऊर धडधडतोय तो भट्टी बघून की त्याला बघून.

"दोन्ही एका पत्र्यावर मांडायला नको होतं तुम्ही," मी म्हणाले आणि बाहेर आले.

एसटीत बसून नळदुर्ग येईपर्यंत मी रडले. आत्यानं धोंडप्पांनी बांधून दिलेली शेंगाचटणी पिशवीत नीट ठेवली आणि माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली.

त्याचे फोन आले. मी घेतले नाहीत. मग तेही थांबले, आणि थांबले म्हणून मला त्याचाच राग आला. घरात पुण्याच्या बॅगेची गोष्ट निघायला लागली. तेवढ्यात एका सकाळी बब्रुवानमामांचा फोन.

"पोरी, ती तुझी ज्वारीची काय ती... चहात बुडवली तरी तुटंना. येणारे-जाणारे मागायलेत. रविवार सोडून कवाबी ये. पाव निघाले की भट्टी तुझीच."

मी दुसऱ्याच दिवशी सोनारीला गेले. पत्रे भट्टीत सरकवले आणि देवाचं नाव घेत उभी राहिले. घाणा निघाला. तांबूस, अखंड, एकीलाही तडा नाही. मामांनी एक खाल्ली, मान हलवली. पुण्याला जायचं टळलं, माझा उद्योग उभा राहिला. मी आनंदानं शेजारी वळले, नानखटाई मोडून मोठा तुकडा पुढं केला... आणि शेजारी कुणी नव्हतं.

मग मला कळलं, ऊर कशासाठी धडधडत होता. भट्टी तर मिळाली होती. तरी मला रडूच येत होतं.

सकाळी मुरूमला निघाले. आत्या म्हणाली, "मी येऊ?" मी म्हटलं, "नको." ती म्हणाली, "मग ती हिरवी साडी नेस."

मुरूमच्या स्टँडवरून गल्लीत शिरले तर धुराचा वास आला. शटर उघडं होतं. रुद्रेश कोपरापर्यंत पिठात, केसांतही पीठ, आणि भट्टीत लाकडांचे निखारे झालेले, आत पाव लावलेले. मला बघून त्याच्या हातातला पावाचा गोळा तसाच राहिला.

"पेटवली?" मी विचारलं.

"परवा. गाळेवाल्याला नको म्हणून सांगितलं." त्यानं खाली बघितलं. "तुमी येताल म्हणून न्हाय. तुमी न आल्या तरी चालवायचीच, असं ठरवलंय. तिन्ही रविवार तुमी लोकांशी कशा भांडत होता ते बघून वाटलं, माझी तर घरात हाय, आन् मी पाडायला निघालो."

"मला सोनारीला भट्टी मिळाली."

त्याचा चेहरा उतरला. पण तो मनापासून म्हणाला, "लई चांगलं झालं."

"काल पहिला घाणा निघाला. एकही तडकली नाही."

"तडकणारच नव्हती."

"आता मला तुमच्या भट्टीची काही गरज नाही."

"कळलं," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक. "त्ये सांगाया इतक्या लांब आलात व्हय... फोनवर बी चाललं असतं."

इतका शहाणा माणूस, आणि इतकंही कळू नये. मी पुढं झाले, त्याच्या हातातला गोळा काढून फळीवर ठेवला आणि त्याचा पिठाचा हात दोन्ही हातांत धरला.

"भट्टीची गरज नाही म्हणाले. तुझी नाही, असं म्हणाले का? मी तुझ्यासाठी आले, रुद्रेश. आता फक्त तुझ्यासाठीच आले. सोनारीचं जमलं, तेव्हा कुठं मला ते कळलं."

तो बघतच राहिला. मग डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायला गेला तर गालभर पीठ झालं. मला हसू आलं आणि रडूही. अर्ध्यात थांबायचं कारण आता मला नव्हतं. मी पदरानं त्याचा गाल पुसला.

"परत एकदा म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"तुझ्यासाठी आले, म्हणून."

मी परत म्हणाले. तिसऱ्यांदाही म्हणाले असते, पण बाहेरून धोंडप्पांचा आवाज आला.

"रुद्रेश, पाव करपायलेत."

"करपू द्या, बाबा," तो म्हणाला, आणि माझा हात त्यानं सोडला नाही.