कोंडूच्या मोबाइलवरचा ओटीपी

खांबावरचा फुटका इन्सुलेटर बदलायचा, एवढंच काम होतं. उंबरपाड्याचा वरचा खांब, रानाच्या कडेचा. मुरबाडहून मोटरसायकलवर निघालो, मागं रोशन बसलेला, आणि खांबावर बेल्ट नीट बांधत नाय म्हणून वाटभर मी त्याला झापत होतो. मी सुदाम, वायरमन. झापणं माझ्या जिभेवरच हाय, बायकोला विचारा.

रोशन म्हणजे कोंडूचा पोरगा. कोंडू आणि मी जोडीनं खांब चढलो, एका डब्यात जेवलो. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात तो याच खांबावर शॉक लागून गेला. तो वर असतानाच लाइन सोडली गेली, तारेत वीज आली. सबस्टेशनचा ऑपरेटर आजही पोराबाळांच्या शपथा घेतो, की कोंडूनंच फोन करून ‘उतरलो, सोड’ म्हणून सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाय. मीही नाय. पुढं बापाच्या जागेवर पोराला घेतलं, तेव्हा कोंडूच्या बायकोनं, मैनावहिनीनं, त्याचा हात माझ्या हातात दिला. हा एकच राहिलाय भावजी, एवढंच म्हणाली.

अपघातानंतर कंपनीनं नवं काढलं. आता सबस्टेशनला फोन नाय. वायरमन जिथं असेल तिथून मोबाइलवरच लाइन बंद करायची आणि काम झालं की सोडायची. अ‍ॅप उघडायचं, पासवर्ड टाकायचा, मग ओटीपी येतो. तो टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाय. ट्रेनिंगला आलेले साहेब म्हणाले, यात भूतसुद्धा शिरणार नाही. आमी सगळे हसलो.

पण ओटीपी जायचा कोंडूच्या नंबरवर. ऑफिसात आमच्या सेक्शनचा मोबाइल म्हणून त्याचाच नंबर लागलेला, तोच अ‍ॅपमध्ये गेला. बदलायला अर्ज दिला, पण सरकारी काम आणि सहा महिने थांब, तसली गत. वहिनीनं शहापूरच्या घरी तो मोबाइल देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला लावून चालू ठेवला होता. मी तिला फोन करायचो, ती नंबर वाचून दाखवायची. नियमात बसत नव्हतं, पण काम चालायचं. आणि खरं सांगू, नंबर बदलावा असं तिलाही वाटत नव्हतं. त्या निमित्तानं त्यांचा फोन वाजतो, म्हणायची. मला गलबलून यायचं.

उंबरपाड्यात रेंज एकाच जागी, चढावरच्या कातळावर. सकाळी तिथूनच ओटीपी घेतला, लाइन बंद केली, रोशनला चढवलं आणि पुन्हा कातळावर येऊन बसलो. श्रावणाचे दिवस. बघता बघता धुकं उतरलं. आधी खांब गेला, मग झाडं गेली, शेवटी माझी मोटरसायकलही दिसेना. पानांवरून पाणी ठिबकत होतं. कुजक्या पाल्याचा वास, आणि त्यात मधूनच जळक्या रबराचा. कुठून येतोय कळेना.

मग हाक आली.

"उतरलो, काका. लाइन सोडा."

रोशनचाच आवाज. आमच्याकडं रानात पहिल्या हाकेला ओ देत नायत, दुसरीची वाट बघतात. मीही थांबलो. दुसरी आली. तिसरीही आली. मग अ‍ॅप उघडलं, पासवर्ड टाकला आणि वहिनीला फोन लावला. नंबर आला का, विचारलं. आलाय म्हणाली.

"मग सांगा की, वहिनी."

"कसं सांगू, भावजी… हे नको म्हणतायत."

हे म्हणजे कोण, ते विचारायची गरज नव्हती. जन्मभर ती कोंडूला ‘हे’ असंच म्हणत आली.

"पोरगा उतरलाय, वहिनी. त्यानं हाक मारली मला."

"हे म्हणतायत… उतरला नाय तो."

तेवढ्यात धुक्यातून पुन्हा हाक आली. आता जवळून, आणि चिडून. "सोडा ना, काका…" रोशन माझ्यावर आजवर कधी चिडला नाय. मी मोबाइल खिशात कोंबला आणि खांबाकडं पळत सुटलो.

पोरगा वरच होता. दोन्ही हात तारेवर, तोंडानं कसलं तरी गाणं गुणगुणत. उतर म्हणून खांबावर पान्यानं ठोकत राहिलो. उतरल्यावर आधी त्याच्या कानफटात दिली, मग मिठी मारली. त्यानं हाक मारलीच नव्हती. पाणी द्या काका, म्हणाला.

संध्याकाळी शहापूर गाठलं. वहिनीला धड काही सांगता येईना. मोबाइल उचलला तेव्हा मनगट कुणीतरी धरलं, थंडगार, ओल्या हातानं, एवढंच. रडत होती, पण माहेरचं माणूस भेटल्यासारखी रडत होती.

या प्रकारानं ऑफिसला जाग आली. परक्या बाईकडून ओटीपी घेता, सुरक्षेचे तीन तेरा वाजवता, म्हणून साहेबांनी माझे कान उपटले आणि हातासरशी नंबर बदलून माझा लावला. पाड्यावर टॉवरही झाला. आता खांबाच्या बुडाशीसुद्धा फुल रेंज असते. वहिनीचा मोबाइल वाजत नाय.

काल त्याच खांबावर काम निघालं. लाइन बंद करून रोशनला चढवलं, मी खाली उभा, नजर त्याच्यावरून हलवली नाय. धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. अ‍ॅप बंद, तरी खिशात मोबाइल वाजला. ओटीपी आला होता. मी मागितलेला नव्हता. आणि माझ्या पाठीमागं, कानाशी, कुणीतरी तो एकेक आकडा करून कुणाला तरी सांगायला लागलं… सावकाश, बिनचूक, माझ्याच आवाजात. मी रोशनला ओरडून खाली घेतलं तेव्हा एक आकडा सांगायचा राहिला होता.

काम अर्धवट पडलंय. उद्या त्याला पुन्हा चढायचंय.