तिसरी डहाळी

बोईसरच्या एका कारखान्यात ज्ञानेश सुरक्षा अधिकारी होता आणि त्याच्या शिस्तीपुढे मालकाचंही काही चालत नसे. आत जाणाऱ्याने आपला बिल्ला फाटकाजवळच्या फळ्यावर स्वतः अडकवायचा, बाहेर पडताना स्वतः काढायचा. मित्राचा बिल्ला अडकवणाऱ्याला तो अख्ख्या पाळीसमोर झापायचा. आत किती माणसं आहेत ते फळाच सांगणार, हे त्याचं पालुपद बायकोला, रूपलला, तोंडपाठ झालं होतं.

डिसेंबरात कारखान्याला सुट्टी लागली. रूपलच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं. डॉक्टरांनी मोकळीक दिली आणि तिने फिरण्याचा हट्टच धरला. मोटरसायकलवर दोघं दांडीच्या किनाऱ्यावर गेली, शिरगावचा किल्ला बघून आली, पालघरच्या बाजारात हिंडली. आता तिला काळदुर्ग चढायचा होता. हिला वाटेत काही झालं तर, ही धास्ती ज्ञानेशच्या मनातून हलत नव्हती. पण तिचा खुललेला चेहरा बघून नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही.

वाघोबा खिंडीत रस्त्याकडेला पाल ठोकून येसूबाई नावाची बाई चहा आणि बोरं विकत बसली होती. वाटेत दगडांचा ढीग लागेल, तिथे थांबा, असं तिने दोघांना बजावलं.

"आपली डहाळी आपनच ठेवायची. उतरताना आपनच उचलायची. दुसऱ्याची ठेवायची नाय."

"हा तर आमचाच फळा," ज्ञानेश हसला.

ढिगाशी तो पोचला तेव्हा रूपल बरीच मागे होती. तिला वाकायचा त्रास नको म्हणून त्याने करवंदीच्या दोन डहाळ्या मोडल्या, दोन्ही ठेवल्या आणि पुढच्या सावलीत जाऊन तिची वाट बघत बसला. कारखान्यात कुणी असं केलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

माथ्यावर दोघांनी डबा खाल्ला. वारा गार होता, पश्चिमेला समुद्राची पट्टी दिसत होती. रूपल भरभरून बोलत होती. ज्ञानेशला इतकं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

तो पाण्याचं टाकं बघून परतला तेव्हा ती डोक्यावरून शाल घेऊन पाठमोरी बसली होती. निघूया का, असं त्याने विचारलं. ती उठली आणि तिने त्याच्या हातात हात दिला. हात बर्फासारखा गार होता.

दमली असेल, असं समजून त्याने तिला बोलतं केलं नाही. पुढे होऊन, हात धरून, तो तिला सावकाश उतरवत होता. ढिगाशी त्याने आपली डहाळी उचलली. शेजारून तिचा दुसरा हात आला आणि त्याने ठेवलेली दुसरी डहाळी उचलून घेतली.

खाली रस्ता दिसला. येसूबाईचं पाल दिसलं.

पालाखाली बाकावर रूपल चहा पीत बसली होती.

"किती वेळ लावलात? मी हाक मारून पुढे आले," ती म्हणाली. "म्हटलं, हळूहळू उतरते."

ज्ञानेशने आपल्या हाताकडे पाहिलं. तो मोकळा होता. मागे वाटेवर कुणी नव्हतं.

"तुझी डहाळी?" त्याने विचारलं.

"जाताना मीच ठेवलेली. येताना मीच उचलली. का हो?"

येसूबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या मागे पाहिलं. तिने चहाचे आणखी दोन पेले भरले आणि पदर तोंडाला लावला.

चहाला हात न लावता त्याने गाडी काढली. रूपल मागे बसली. कमरेला हातांची मिठी घट्ट बसली तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. ऊन उतरलं होतं. घाटाच्या वळणावर रूपल ओरडली.

"अहो, पुढे सरका की. मी पडेन मागे."

तो पेट्रोलच्या टाकीला टेकला होता. आणखी सरकायला जागाच नव्हती.

"मला घट्ट धर," तो म्हणाला.

"कशी धरू? दोन्ही हातांनी मागचा दांडा धरलाय."

ज्ञानेशने खाली पाहिलं. त्याच्या पोटावर दोन हात गुंफलेले होते. एका मुठीत करवंदीची डहाळी होती.