तपासनिसाच्या नाकावरची काजळी

"कोळसा मातीत पुरायचा आणि वर त्याचे पैसे मागायचे... पुण्यात काय खपेल, नेम नाही."

पोत्यांच्या थप्पीमागची पुटपुट अक्षताने नेमकी ऐकली. धायरीच्या शेडमध्ये ती तुराट्या भट्टीत कोंडून जाळायची, त्यांचा कोळसा शेतात मिसळायची. रोपांनी हवेतून ओढलेला कार्बन मग मातीतच मुक्कामाला राहायचा. त्याबद्दल परदेशी कंपन्या, आपल्या धुराची भरपाई म्हणून, पैसे मोजायला तयार होत्या. फक्त आधी त्रयस्थ तपासनिसाने दाखला द्यायला हवा. आयटीतली नोकरी सोडून तिने हा खटाटोप मांडला होता. दाखला हुकला, तर भट्टी थंड.

"मग तपासा की," ती म्हणाली.

थप्पीमागून दिग्विजय उभा राहिला. तपासनीस हाच. नाकाच्या शेंड्यावर काजळी... तिने मुद्दामच सांगितलं नाही.

मग तो येत राहिला. कोळसा बोटांत चुरायचा, नको तितके प्रश्न विचारायचा, आणि चहाला ठाम नाही म्हणायचा. ज्याची तपासणी, त्याचं पाणीही प्यायचं नाही, असा त्या धंद्याचा रिवाज. म्हणून कोथरूडहून स्वतःचा थर्मास आणायचा. दुसऱ्या खेपेपासून कप मात्र दोन.

"हे बसतं वाटतं नियमात?"

"प्यायचं नाही, असा नियम आहे. पाजायचं नाही, असं कुठे म्हटलंय?"

भट्टीवरच्या कांताबाईंना नेमकं तेव्हाच बाहेर काम निघायचं. दिसत सगळ्यांनाच होतं. बोलत कुणी नव्हतं.

आणि एक दिवस तो थर्मासशिवाय आला. ही तपासणी मी सोडली, सोमवारपासून आमच्या दुसऱ्या तपासनीस विजयमाला मॅडम सगळं पुन्हा पहिल्यापासून बघतील, असं त्याने भट्टीकडे तोंड करून सांगितलं. अक्षता त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"कोळशात खोट निघाली?"

"नाही हो. कोळसा चोख आहे. पण माझ्या 'चोख'ला आता किंमत नाही." त्याने नाक चोळलं, काजळी लागलीच. "तपासणाऱ्याचे हितसंबंध नसावेत, असा नियम..."

"कसले हितसंबंध?"

दारातून परतणाऱ्या कांताबाई उंबऱ्यातच थबकल्या. अक्षताने ओढणीच्या टोकाने त्याचं नाक पुसलं, सावकाश.

"पहिल्या दिवसापासून लागतीये ही. तेव्हा सांगितलं नाही... आता तुम्ही सांगा."

"अक्षता," तो म्हणाला, "मला तू आवडतेस."