तिसऱ्या पुलावरची आई

लानशिनच्या आईला सहासष्टावं वर्ष लागलं आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिच्या हृदयाच्या ऑपरेशनचा सोमवार ठरवला. या वयात लेकीने आईला वयाइतके मांसाचे तुकडे खाऊ घालायचे, या रीतीप्रमाणे लानशिनने सहासष्ट तुकडे शिजवून आणले. आईला त्यातले दोनच गेले.

रविवारी सकाळी लानशिन तिला बसने कालव्याच्या गावी घेऊन गेली. तिथले तीन पूल ओळीने ओलांडायचे, अर्ध्यातून मागे फिरायचं नाही, म्हणजे दुखणं पाण्याच्या अलीकडेच राहतं. लानशिनचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण आईचे ओठ निळसर दिसायला लागल्यापासून ती कशालाच नाही म्हणत नव्हती.

दोन पूल झाले. आई पायरीपायरीला थांबत होती.

"तूच मला चालवून मारशील," ती म्हणाली, "मग उद्या डॉक्टरांनी करायचं काय?"

तिसऱ्या पुलावर ती हट्टाने एकटी चढली. औषधांची पिशवी लानशिनकडे होती, त्यातच आईचा फोन. कमानीच्या माथ्यावर पोचून आईने छातीवर हात ठेवला, आणि खाली उभ्या लानशिनचा धीर सुटला.

"आई, परत ये!"

आई क्षणभर घुटमळली. मग उतरून आली. तिचे हात बर्फासारखे गार होते. लानशिनने गोळी दिली, थोड्या वेळाने तिचा श्वास ताळ्यावर आला. पिशवी आईने स्वतःच्या खांद्याला अडकवली.

काठाशी नाव बांधून बसलेल्या बाईने हे सगळं पाहिलं होतं.

"परत का बोलावलंस, पोरी?"

"तिला त्रास होत होता, मावशी."

बाई पुलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहिली. "मग पलीकडे उतरून गेली ती कोण?"

लानशिन हसली, पण तिकडे बघायचं तिला धाडस झालं नाही.

दुपारी दोघी गावातल्या जुन्या बागेत गेल्या. तळ्याकाठी लांबलचक पडवी होती, तिच्या मधोमध टोकापर्यंत भिंत आणि भिंतीत जाळीच्या खिडक्या. तू अलीकडून चल, मी पलीकडून, तुझ्या लहानपणी खेळायचो तसं, असं आईच म्हणाली. ओल्या दगडाचा वास येत होता. एकेका खिडकीतून आई दिसायची, दमलेली, पिशवी सावरणारी, आणि हळूच हसायची. सातव्या खिडकीत ती दिसली. आठवीतही दिसली, पण ताठ चालत, हात मोकळे. नववीत कुणीच नव्हतं.

लानशिन पळत टोकाला गेली. आई आधीच बाहेर आली होती. ओठ गुलाबी.

"पिशवी कुठे आहे?"

"आता नको ती," आई म्हणाली आणि चालू लागली.

पलीकडची पडवी लानशिनने धावत जाऊन पाहिली. ती रिकामी होती. मनात शंकेची पाल चुकचुकली, पण आईचा तो रंग बघून तिला आनंदही झाला होता, हे खोटं कसं म्हणायचं? ती आईच्या मागोमाग बसमध्ये चढली. शेजारी जागा नव्हती, म्हणून आई पुढच्या सीटवर बसली.

गाव मागे पडल्यावर लानशिनचा फोन वाजला. आईचा नंबर होता.

"लानशिन..." आवाजाला धाप लागली होती. "या खिडक्या संपतच नाहीत गं... तू कुठे आहेस?"

लानशिनने पुढे पाहिलं. पुढच्या सीटवरची मान वळली नाही.

"ठेव तो फोन," पुढून आवाज आला. "ती आजारी आहे."

लानशिनने फोन ठेवला नाही. पण बस थांबवा, असंही तिच्या तोंडून निघालं नाही. कानात धाप वाढत होती... "परत बोलाव ना मला..."

पुढच्या सीटवरून, मागे न बघताच, एक हात आला आणि तिच्या मनगटावर स्थिरावला. तो चांगला ऊबदार होता.