उंबरठ्यावरचे निदान

वैद्यकातील चुकांवर मी बरीच वर्षे लिहीत आले आहे, आणि त्या प्रांतात माझी ख्याती एखाद्या खाष्ट सासूसारखी आहे: माझे पाऊल इमारतीत पडले की भल्याभल्यांना अचानक दुसरीकडची कामे आठवतात. मूळची मी विषशास्त्राची. विष ओळखता आले नाही म्हणून माणूस मरतो; पण त्याच्या जागी भलतेच काही ओळखले म्हणून तो अधिक वेळा मरतो. हे एकदा ध्यानात आले की राग विझत नाही. तो थंड होतो, इतकेच, आणि थंड रागाची धार चांगली असते.

त्यामुळे त्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात शिरताना मला, खोटे कशाला बोला, शिकाऱ्याचा आनंद झाला होता. लांबट, उजळ दालन. एका अंगाला पडद्यांनी वेगळ्या केलेल्या खाटा, दुसऱ्या अंगाला रंगीत पट्ट्या लावलेली औषधांची कपाटे. मधली फरशी स्ट्रेचरच्या चाकांनी काळपट झालेली. रस्त्याच्या बाजूला दुपाखी काचेचे दार आणि त्याच्या बुडाशी पितळेची झिजलेली पट्टी. स्ट्रेचर त्या पट्टीवरून आत आले की विभागप्रमुख रुग्णाकडे एकदा पाहत आणि मोठ्याने रोगाचे नाव घेत. एकच नाव. ते कानी पडताच सगळे त्या त्या रंगाच्या कपाटाकडे धावत. या रीतीला तिथे ‘हाक’ म्हणत, आणि ती देणाऱ्या डॉक्टरांना, त्यांच्यामागे, ‘तोफ’.

“तोफ डागली की पळायचं, मॅडम,” हेडसिस्टर मला म्हणाल्या. “विचार करायला वरचे मजले आहेत.”

“आणि गोळा भलत्याच तंबूत पडला तर?”

“पडत नाही ना.” त्यांनी हातमोजे ओढून काढले. “इतकी वर्षं झाली. एकदा पडला असता तर बरं वाटलं असतं.”

असल्या रीतीविरुद्ध मी एक जाडजूड प्रकरण लिहिलेले आहे. रुग्णाला दिलेले पहिले नाव हे लग्नात ठेवलेल्या नावासारखे असते. मग माहेरच्या नावाने कोणी हाक मारीत नाही. तपासण्या त्या नावामागून वरातीसारख्या चालू लागतात, आणि वरातीत कोणी नवरदेवाला ओळखपत्र विचारत नाही. निदानाची घाई हा बुद्धीचा आळसच असतो, फक्त तो पळत असतो. अशा विभागात चुकांचे पीक उदंड असणार, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

पीक सोडा, मला एक काडीही सापडली नाही. मी जुनी प्रकरणे उलथीपालथी केली, शवविच्छेदने पाहिली, वरच्या मजल्यांवरच्या तज्ज्ञांना डिवचले. तोफेने ‘अपेंडिक्स’ म्हटले तिथे अपेंडिक्सच निघाले होते, ‘हृदयविकार’ म्हटले तिथे हृदयच. जगातल्या कुठल्याही विभागाची नोंद इतकी निर्मळ नसते. कोणीतरी पुरावे धूत होते, आणि त्याला पकडण्याच्या कल्पनेने माझ्या बोटांना अक्षरशः मुंग्या आल्या.

मग ते कुटुंब आले: आईवडील आणि कॉलेजात जाणारी मुलगी. तिघांचे डोके ठणकत होते, तिघांना उलट्या. त्यांना उतरवताना मी दाराबाहेर रुग्णवाहिकेपाशीच उभी होते. मुलगी रडत होती, पण मांजरासाठी. ते सकाळी मरून पडले होते.

“मांजरानं काय खाल्लं होतं?” मी विचारले.

“काही नाही हो. ते तर दिवसभर शेगडीपाशी लोळायचं. खिडक्या बंद, थंडी किती आहे!”

बंद खोली, कोळशाची शेगडी, मेलेले मांजर. निदान ताटात वाढून ठेवले होते. कोळशाचा विषारी वायू. मी तिथेच, गाडीच्या पायरीवर, वडिलांच्या दंडातून रक्ताची एक नळी काढून घेतली. तेवढ्यात स्ट्रेचर पट्टीवरून आत गेले आणि तोफ गरजली, “अन्नातून विषबाधा!”

चूक! अखेर, माझ्या डोळ्यांदेखत, साजरी, घसघशीत चूक! त्या क्षणी मला जो हर्ष झाला तो मरणाऱ्या माणसाच्या उशाशी शोभणारा नव्हता. मी नळी नाचवीत प्रयोगशाळेत गेले. माझ्या नळीत वायू निघाला, प्राणघातक म्हणावा इतका. विजयी मुद्रेने परत येऊन मी त्याच दंडातून, त्याच सुईच्या खुणेशेजारून, दुसरी नळी घेतली.

तिच्यात वायूचा मागमूस नव्हता.

वायू असा उतरत नाही. प्राणवायू दिला तरी तासन्‌तास लागतात, आणि तो अजून कोणी दिलाही नव्हता. उलट तिघांनाही आता ताप भरला होता, पोटात मुरडा उठत होता, आणि पुढे त्यांच्या विष्ठेत अन्नातले जंतूही उगवले, पाठ्यपुस्तकातल्यासारखे टवटवीत. मुलगी जरा सावरली तेव्हा तिला शिळ्या जेवणाचा वास आठवत होता. शेगडीचे विचारल्यावर ती गोंधळली. “आमच्याकडे शेगडी आहे?” तिने आईला विचारले.

तोफ हात धूत होते. जवळून पाहिले तर थकलेला, मऊ चेहऱ्याचा माणूस. मी दोन्ही नळ्यांचे निकाल त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते वाचले नाहीत.

“तुम्ही चुकलात,” मी म्हणाले.

“मी चुकत नाही, बाई. तेच तर दुखणं आहे.”

“मग नावं तरी हलकी घ्या की! येईल त्याला ‘सर्दी’ म्हणा. अख्खं गाव बरं होईल.”

हे मी टोमणा म्हणून बोलले होते. त्यांनी नळ बंद केला.

“घेऊन पाहिलं होतं,” ते म्हणाले. “एकदा.”

“मग?”

“एकदा घेतलेलं नाव बदलता येत नाही. मी बदलून पाहिलं. तेही एकदा.” आणि हात न पुसताच ते निघून गेले.

मी विवेकी बाई आहे. भुताखेतांचे मी इतके वाचले आहे की त्यांच्यावर विश्वास उरलेला नाही. प्रयोगशाळेची चूक असेल, नळ्यांची अदलाबदल असेल, असे मी स्वतःला बजावले. आणि बजावतानाही माझे काळीज परीक्षेच्या निकालाआधी उडते तसे उडत होते. काहीतरी प्रचंड माझ्या हाती लागले होते. मी रोज जाऊ लागले. दाराबाहेर उभी राहून आधी स्वतःशी निदान करायचे, मग हाक ऐकायची आणि रोग्याला बदलताना पाहायचे. ‘दमा’ अशी हाक पडली आणि एका बाईचा सुजलेला पाय माझ्यासमोर उतरला, तिचा श्वास चढला. कोणी दचकले नाही. सगळे कपाटांकडे धावत होते.

अशाच एका दुपारी भावजयीचा फोन आला.

“ताई, हे काचघरात पडलेत! फुलांवर फवारत होते सकाळपासून, तोंडाला काही बांधलं नव्हतं. तोंडातून नुसती लाळ, अंग घामानं निथळतंय, बोलत नाहीत!”

माझा धाकटा भाऊ. रोपवाटिकेच्या पायी घरदार विसरणारा, मला आजही ‘ताई, तुझं विषांचं दुकान कसं चाललंय?’ असे विचारणारा.

“कपडे काढ त्याचे. अंग धू, साबणानं. दुसरीकडे ने, मी सांगते तिथं...”

“गाडी निघालीय, ताई. तुमच्याकडेच येतोय. पोचतोच आहोत.”

मी तोफेकडे धावले. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असणार, हे मला ठाऊक होते. मेंदूत रक्तस्राव झाला तरी त्या तशाच होतात. तोफेने एक नजर टाकून ‘रक्तस्राव’ म्हटले की माझ्या भावाच्या मेंदूत, उंबरठा ओलांडता ओलांडता, एक रक्तवाहिनी फुटणार होती.

“माझा भाऊ येतोय,” मी म्हणाले. “ही हाक मी देणार.”

ते एकदा पितळी पट्टीकडे वळले. मग दारापासून बाजूला झाले.

“द्या. पण खरी द्या, बाई. कितीही मोठी असली तरी खरीच.”

खरे नाव मला पाठ होते: कीटकनाशकाची विषबाधा. उताराही होता, हिरव्या पट्टीच्या कपाटात, वरच्याच फळीवर. मी आयुष्यभर खऱ्या नावासाठी भांडले. त्याच्यासाठी मैत्र्या तोडल्या, पुस्तके लिहिली, माणसांच्या नोकऱ्या घालवल्या.

गाडी थांबली. भावजय आधी उतरली, अनवाणी.

त्याचा चेहरा शिशासारखा झाला होता. गालांचे स्नायू आपसूक थडथडत होते. छातीत पाणी खदखदावे तसा श्वास वाजत होता, आणि दोन श्वासांतले अंतर वाढत चालले होते. इतक्या पुढे गेलेल्यांतले किती जण उताऱ्यानंतरही वाचत नाहीत, हे मीच लिहिलेले आहे.

चाके पट्टीवर चढली.

तोफ माझ्याकडे पाहत होते. हेडसिस्टर हिरव्या कपाटाशी, हात मुठीवर.

मी तोंड उघडले.

“भूक!” मी ओरडले. “काही नाही, नुसती भूक! उपाशीपोटी चक्कर आलीय त्याला!”

हेडसिस्टरांनी कपाटाची मूठ सोडली.

कोणी धावले नाही. कोणीतरी खाली मान घातली.

खदखद थांबली. घाम सुकला. बाहुल्या उमलल्या, सावकाश, फुलांसारख्या, आणि माझा भाऊ उठून बसला.

“ताई,” तो म्हणाला, “काहीतरी खायला दे ना.”

मी रडले. हसत रडले. भावजयीने माझ्या गळ्यात पडून मला देव म्हटले, आणि तो शब्द त्या दुपारी मला अजिबात जड वाटला नाही. तोफ हात धुवायला निघून गेले होते.

त्याने बिस्किटे खाल्ली, मग सिस्टरांचे डबे. सगळे कौतुकाने हसत होते. संध्याकाळी तो घरी गेला.

त्यानंतर भावजयीचे फोन आले. आधी हसत, “ताई, ह्यांना पुरवणं म्हणजे हत्ती पोसणं आहे.” मग हसू न येता. मी स्वतः जाऊन त्याला तपासले. रक्त उत्तम, हृदय उत्तम, यकृत लहान मुलासारखे. फक्त गालफडे बसलेली, आणि ताटावरून नजर न हलवता दिलेले उत्तर: “खूप बरं वाटतंय गं.” मी त्याला विभागात नेले, पट्टीवर उभे केले, आणि खऱ्या रोगाचे नाव त्याच्या तोंडावर ओरडले, पुन्हा पुन्हा, घसा बसेपर्यंत. तो संकोचून उभा राहिला. जेवायची वेळ टळत होती.

आज दुपारी पुन्हा फोन आला. भावजयीचा आवाज अगदी शांत होता.

“घरातलं संपलं, ताई. हे काचघरात आहेत. रोपं खातायत.”

“फवारलेली?”

“हो. काही होत नाही त्यांना. तुम्हीच म्हणालात ना, नुसती भूक आहे.”

मागे पानांचा कुरकुर आवाज येत होता. सावकाश, एकसारखा, जनावर रवंथ करते तसा.

“तू बाहेर ये,” मी म्हणाले. “दार लावून घे आणि बाहेर ये. ऐकतेस का?”

“येते ना,” ती म्हणाली. “पण मी दाराकडे सरकले की ते चावायचे थांबतात, ताई. आणि माझ्याकडे बघतात.”

मागचा आवाज थांबला होता.