काठाला लागलेलं बी

रुपरावांच्या अंगणात काहीही आपोआप उगवत नसे. म्हणजे उगवायचं भरपूर, पण 'आपोआप' हा शब्द त्यांना मान्य नव्हता. पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत बियाणं तपासण्यात गेलेली. मातीतून दोन पानं वर आली की हे पोर कोणाचं, ते चष्म्याशिवाय सांगत. टोमॅटो भाजी धुतलेल्या पाण्यातून आला, कडुनिंब कावळ्यानं टाकला, पपई शेजाऱ्यांच्या भिंतीवरून आली.

"बीले पाय नसतात, पोरी," ते सुनेला सांगत. "कोणी आणल्याबिगर ते येत नाही."

काजल मान डोलवी आणि मेथीचा वाफा कुठं करू ते विचारी. हुडकेश्वर रोडवरच्या ले-आउटमधलं साधंसं घर. फाटकापासून पायरीपर्यंत शहाबादी फरशीची वाट, दोन्ही बाजूंना माती, आणि त्या मातीवर रुपरावांची एकहाती सत्ता.

रुखमाबाई, त्यांची बायको, हरवून सहा वर्षं झाली होती. नरखेडकडचं लग्न उरकून दोघं परतत होती. तेव्हा तिचं विसरणं बरंच वाढलं होतं. काटोलच्या बसस्टँडवर रुपरावांनी तिला बाकावर बसवलं, "इथंच बस वं, संत्रं घेऊन येतो" म्हणाले आणि गेले. परत आले तर बाक रिकामं. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, देवळांच्या पायऱ्या पालथ्या घालून झाल्या. त्या पाच मिनिटांसाठी रुपरावांनी स्वतःला कधीच माफ केलं नाही.

गावी असताना ती निंदण करून घरी आली की लुगड्याचा काठ कुसळांनी भरलेला असायचा. रुपराव पायरीवर बसून एकेक बी काढत आणि नाव सांगत. "अन् हे?" ती विचारायची. शेतकऱ्याची पोर, तिला सगळी नावं पाठ होती, तरी विचारायची. आता तसं विचारणारं घरात कोणी नव्हतं. संध्याकाळ झाली की त्यांना तो आवाज इतका हवासा वाटे की ते उगीच रेडिओ लावत.

श्रावणात फाटकाजवळ, फरशीच्या सांध्यात एक रोप आलं. रुपराव उकिडवे बसले. वनभेंडी. हिचं ठिकाण सातपुड्याच्या रानात. नागपुरात त्यांनी ती कधी पाहिली नव्हती.

आठवड्यानं पुढच्या फरशीशी कुसळी गवत आलं, उघड्या माळावरचं. मग गोखरू, नदीकाठचा. मग चिकणा, संत्र्याच्या बागेत धुऱ्यावर, बांधावर माजतो तो. चारही रोपं सांध्यातच, एक डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये पावलाएवढं अंतर. सगळ्यांचं बी कपड्याला चिकटणारं.

पाचवं रोप आघाड्याचं निघालं. आघाडा तर मागच्या नाल्यावर हवा तेवढा होता.

रान, माळ, नदी, बाग, नाला. रुपरावांनी मनात वाट जुळवून पाहिली, सातपुड्यापासून थेट आपल्या फाटकापर्यंत. आघाड्यापासून पायरी चार हात उरली होती.

पण ते प्रयोगशाळेतले गृहस्थ. त्यांनी स्वतःलाच दटावलं. उन्हाळ्यात अंगणात नरखेडचं शेणखत टाकलं होतं, बी त्यातून आलं असणार. एक पोतं उरलं होतं. त्यांनी जुना ट्रे काढला, त्यात ते खत पसरलं, पाणी मारलं आणि वहीत तारीख टाकली. पंधरा दिवसांत ट्रे सांगेल ते खरं.

त्याच आठवड्यात अमोलनं, त्यांच्या मुलानं, विषय काढला. हिंगण्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला होता, बूट काढता काढता बोलला.

"बाबा, पितृपक्षात आईचा विधी करून घेऊ. पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात, माणूस सापडत नसलं तर. गुरुजीशी बोललो मी. कन्हानच्या घाटावर होते."

"पंधरा दिवस थांब ना गा."

"काहून? पंधरा दिवसांत काय होऊन राहिलं?"

रुपरावांनी ट्रेवर पुन्हा पाणी मारलं. काय सांगणार? उगवलेल्या तणावरून तुझी आई येताना दिसते आहे म्हणून?

"बाबा," अमोलचा आवाज खाली आला, "दरवर्षी पितरांच्या वाडीचं पान ठेवताना माझा हात अडते. आईच्या नावानं ठेवू का नको? जिवंत असली तर पाप, नसली तर उपाशी. मले एकदा रडून घेऊ द्या."

पोराचं खरं होतं. आणि त्याला द्यायला रुपरावांकडे पाच रोपांपलीकडे काही नव्हतं. ते हो म्हणाले.

घाटावर सकाळी ऊन स्वच्छ होतं. गुरुजींनी पळसाच्या पानांचे हात-पाय मांडले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, वर हिरवं लुगडं पांघरलं. एवढंसं दिसत होतं ते. अमोलनं अग्नी दिला. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून काळे तीळ सोडले आणि सहा वर्षांचं साठलेलं रडला. रुपरावांच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्यांना एकच वाटत होतं, की कोणी तरी चालता चालता थबकलं आहे.

घरी आले, आंघोळी झाल्या. त्या दिवसापासून वाटेवर नवं काही उगवलं नाही.

पंधराव्या दिवशी त्यांनी ट्रे उन्हात आणला. तांदुळजा होता, घोळ होती. वनभेंडी नव्हती, कुसळी नव्हती, गोखरू, चिकणा, आघाडा यांतलं एकही नव्हतं. रुपरावांनी माती बोटांनी उकरून पाहिली. वहीत निकाल लिहायला घेतला आणि पेन तसंच राहिलं.

ती येत होती. चार हात राहिले होते, आणि आपण तिला जाळून आलो.

दोन दिवस जेवण उतरलं नाही. काजलनं विचारलं तर पोट बिघडलं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी फुलं तोडायला ते पायरी उतरले. खालच्या फरशीच्या सांध्यात दोन पानांचं कोवळं रोप होतं. काल तिथं काही नव्हतं.

तिळाचं.

त्याच्यापुढे दुसरं. मग तिसरं. डावीकडे, उजवीकडे, थेट फाटकापर्यंत.

"काजल! घाटावरचे तीळ घरी आणले होते का वं?"

"नाही बाबा. उरलेले गुरुजीपाशीच ठेवले. काहून?"

रुपरावांनी फाटक उघडलं. बाहेर रस्त्याच्या कडेच्या मातीत तीळ उगवले होते, पावलापावलावर, नाल्याच्या दिशेनं. ते अनवाणीच चालत गेले. कोपऱ्यावर सिमेंटचा रस्ता लागला. तिथून पुढे काही नव्हतं. ते बराच वेळ तिथं उभे राहिले. शाळेच्या व्हॅनवाल्यानं हॉर्न दिला तेव्हा बाजूला झाले.

पायरीपर्यंत आली होती म्हणजे. आणि दारातून परत गेली.

"थांबायचं होतं वं," ते मोठ्यानं म्हणाले. "मी उघडलं असतं."

परतताना त्यांनी रोपं पुन्हा पाहिली. फाटक. वाट. पायरी.

पायरीच्या वरही होती.

एक उंबऱ्याच्या फटीत. एक बैठकीतल्या फरशीच्या सांध्यात, काजलच्या झाडूला चुकवून.

रुपराव भिंत धरून आत गेले. रोपं त्यांच्या खोलीत वळली होती.

खाटेजवळ रोपं एकेकटी नव्हती. उशाशी, फरशीच्या एकाच सांध्यात मूठभर दाटून आली होती. एका जागी कोणी फार वेळ उभं राहिलं असावं, एवढी.

ते हळूच खाली बसले. कोवळी रोपं नेहमी उजेडाकडे वाकतात. खोलीची खिडकी डाव्या हाताला होती, उघडी, उन्हानं भरलेली.

रोपं उजवीकडे, त्यांच्या उशीवर वाकली होती.