चाळिसावी खुर्ची

“अगं, आटप की! तात्या कवाचं गेल्यात तिकडं!” आई दारातून म्हणाली, आणि वैदेहीने ओवाळणीचं ताट उचललं... आज माळेगावच्या समाजमंदिरात रेश्माचा सत्कार होता. ऊसतोडणी करणाऱ्या बानूबाईची रेश्मा फौजदार झाली होती, आणि तिला ओवाळायचं होतं वैदेहीने! रेश्माबद्दल तिच्या मनात तिळमात्र असूया नव्हती. अंतःकरणात सलत होते ते जन्मदाते वडील!

केशवराव म्हणजे अख्ख्या वस्तीचे तात्या. नोकरीतून निवृत्त झाले आणि या गृहस्थांनी समाजमंदिराशीच दुसरा संसार थाटला. घरचा नळ महिनाभर गळला तरी चालेल, पण तिथला पंखा कुरकुरला की हे शिडी घेऊन हजर! बालवाडी, बायकांचा शिवणवर्ग, आणि परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी अभ्यासिका... सगळं त्यांनीच उभं केलं. अभ्यासिकेत खुर्च्या चाळीस आणि नियम एकच, ज्याचं नाव यादीत आधी, त्याला खुर्ची आधी.

दोन वर्षांपूर्वी चाळिसावी खुर्ची रिकामी झाली, तेव्हा यादीत पहिलं नाव वैदेहीचं होतं. तात्यांनी ते ओलांडून त्याखालच्या रेश्माला बोलावलं. “घरचीच पोर बसवली तर लोक काय म्हणतील?” एवढंच ते लेकीला म्हणाले. मग घरच्या पत्र्याच्या खोलीत, शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या घरघरीत अभ्यास करून वैदेही अवघ्या दोन गुणांनी हुकली... आणि यादीतलं नाव खोडून, पुस्तकं बांधून ठेवून शिकवण्या घेऊ लागली. गावात मात्र वेगळंच पसरलं, की लेकीचा नंबर मागे होता म्हणून तात्यांनी तिलासुद्धा आत घेतलं नाही! वैदेहीने कधी कुणाला खरं सांगितलं नाही. वडिलांच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून तो अन्याय तिने मुकाट गिळला, आणि वडिलांशी बोलणं जेवायला वाढण्यापुरतं ठेवलं.

समाजमंदिर गच्च भरलं होतं. रेश्माला ओवाळून वैदेही बाजूला झाली, तोच वस्तीतले म्हातारे रावजी माईक धरून म्हणाले, “सख्ख्या लेकीला नंबर येईस्तवर ताटकळत ठिवलं! असा माणूस मिळायचा न्हाय!” टाळ्यांचा कडकडाट झाला. वैदेहीने मान खाली घातली... ती खाली गेलेली मान तात्यांनी पाहिली, आणि ते ताडकन उठले.

“टाळ्या थांबवा!” त्यांनी रावजींच्या हातातला माईक घेतला. “खोटं हाय ह्ये सगळं. नंबर वैदेहीचाच हुता. मी तिला डावललं... न्याय म्हणून न्हाय, माझं नाव ऱ्हावं म्हणून! पोर दोन वर्सं गप ऱ्हायली, आन् मी तिच्या जिवावर हार घालून घेतलं!”

“ताई, मला ह्यातलं कायबी ठावं नव्हतं गं...” रेश्मा हुंदके देऊ लागली. वैदेहीने तिला जवळ घेतलं. “तू कशाला रडतीस? तुझी वर्दी तुझ्या कष्टाची हाय.”

तात्या लेकीसमोर हात जोडून उभे राहिले. “मी हितला कारभार आजच सोडतो. जाता जाता येवढी एक खुर्ची तुझ्या नावावर करतो, पोरी... न्हाय म्हनू नको!”

किती दिवस ती या क्षणाची वाट पाहत होती! पण ते जोडलेले, म्हातारे हात पाहून तिला राग आठवेना. तिने ते हात आपल्या हातांत धरून खाली घेतले.

“कारभार सोडायचा न्हाय, तात्या. आन् वशिल्याची खुर्चीबी नको मला... आज यादीत किती नावं हायेत?”

“सात.”

“मग आठवं माझं लिवा,” वैदेही म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. “पन तात्या... ह्या वक्ताला माझा नंबर आला, की मला हाक मारा!”

लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून तात्या सगळ्या वस्तीदेखत हमसून हमसून रडू लागले.